दाण्यावर बंदी, पिठाला मोकळीक

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर ज्या दुकानात मी गेली कित्येक वर्षं महिन्याचा किराणा भरते, तिथे बेसनाचे तीन डबे असतात. ‘हे लाडवाचं, हे घरचं आणि हे गाडीवाल्यांचं,’ असं दुकानदार सांगतो. तिसरं सगळ्यांत स्वस्त. त्यात काय आहे म्हणून मी एकदा विचारलं.

‘बेसन आहे, ताई.’

‘हरभऱ्याचं?’

‘बेसन म्हणजे बेसन.’

कायद्यात या प्रश्नाचं उत्तर अगदी स्वच्छ आहे. बेसन म्हणजे सालं काढलेल्या हरभऱ्याचं पीठ. त्यात दुसरं धान्य नको, रंग नको. बाजारात मात्र ‘बेसन’ हा एक रंग झाला आहे. पिवळं, बारीक आणि तेलात सोडल्यावर फुगणारं जे काही असेल ते बेसन. न्हावा-शेवाला बोटीतून उतरणारा पिवळा वाटाणा त्यात किती मिसळतो, हे तुर्भ्याच्या दाणा बाजारात कुणालाही विचारा. आकडा सांगणार नाहीत, हसतील. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने या वाटाण्यावरचं आयातशुल्क काही काळापुरतं काढून टाकलं, तेव्हा बेसनाच्या गिरण्यांना काय वाटलं असेल ते ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. पण वाटाण्याने कुणाचे पाय जात नाहीत. ज्या दाण्याने जातात, किंवा जाऊ शकतात, त्याच्याबद्दल हा लेख आहे.

लाख, एक कडधान्य. विदर्भात लाखोळी, लाखोरी. हिंदीत खेसारी, छत्तीसगडकडे तिवरा. मी मुलुंडला वाढले, त्यामुळे लग्न होईपर्यंत हे नावही ऐकलं नव्हतं. सासर भंडारा जिल्ह्यातलं. पहिल्या वर्षी सासूबाई ठाण्याला आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत तांदूळ, जवस आणि पाच किलो डाळ होती. मला ती तुरीची वाटली. कुकरला लावायला घेतली तर त्या स्वयंपाकघरात धावतच आल्या. ‘अवो, ही अशी नाही शिजवत! रात्री भिजत घाला. सकाळी पाणी उपसून टाका. मग पुन्हा नव्या पाण्यात.’ का, ते त्यांना सांगता येईना. ‘वात धरतो,’ एवढंच म्हणाल्या. मी तेव्हा नुकती ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले होते. ‘वात’ हा शब्द ऐकून मनात हसले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या वाताचं रासायनिक नाव बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सापडलं होतं. पी. एस. शर्मा यांच्या प्रयोगशाळेत एस. एल. एन. राव आणि पी. आर. आदिगा यांनी लाखेच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं केलं आणि १९६४ मध्ये त्याची रचना जगासमोर मांडली. पूर्ण नाव लांबलचक आहे, बीटा-एन-ऑक्सॅलिल-अल्फा-बीटा-डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल, सोयीसाठी ओडॅप. अमिनो आम्ल म्हटलं की आपल्याला प्रथिनांच्या विटा आठवतात. शाळेत वीस शिकवतो आपण, लायसिन, मेथिओनिन वगैरे. पण वनस्पतींकडे याखेरीज शेकडो अमिनो आम्लं असतात, जी कुठल्याच प्रथिनाच्या भिंतीत बसत नाहीत. ती सुटी असतात. ओडॅप त्यांतलंच. त्याचा घाट आपल्या मेंदूतल्या ग्लुटामेटसारखा आहे. ग्लुटामेट हेही अमिनो आम्लच, आणि त्याचं काम निरोप्याचं: एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचवायचा आणि बाजूला व्हायचं. ओडॅप त्याच दारात जाऊन बसतं आणि उठत नाही. पायांकडे हुकूम पाठवणाऱ्या पेशी उत्तेजित होत राहतात आणि शेवटी मरतात, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

परिणाम काय होतो, ते पाहिलेल्या डॉक्टरांनी फार थंडपणे लिहून ठेवलं आहे. या आजाराचं नाव लॅथिरिझम. त्याच्या पायऱ्या काठ्यांवर मोजतात. पहिला रोगी बिनकाठीचा: पाय ताठ, टाचा टेकत नाहीत, चालताना गुडघे एकमेकांना कात्रीसारखे छेदतात. मग एक काठी. मग दोन काठ्या. आणि शेवटचा सरपटणारा. बुद्धी शाबूत, हात शाबूत, आयुष्यही बहुधा पूर्ण मिळतं. गेलेले पाय परत येत नाहीत. आणि हा आजार तरुण, कष्टकरी पुरुषांना अधिक होतो, म्हणजे घरात ज्याच्या पायांवर सगळं चालतं त्यालाच.

इतकं वाचल्यावर कुणीही म्हणेल, मग बंदी बरोबरच आहे. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत लाखेच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली, आणि २०११ मध्ये नवे अन्नसुरक्षा नियम आले तेव्हा ती त्यांतही जशीच्या तशी चढली. माझा आक्षेप या बंदीच्या बांधणीवर आहे. सनावळी नीट बघा. बंदी १९६१ ची, गुन्हेगार सापडला १९६४ ला. दोषी रेणू कोणता हे माहीत नसताना कायद्याने अख्खा दाणा तुरुंगात टाकला, आणि त्या वेळी ते समजण्यासारखं होतं. दुसरं काही हातात नव्हतं. पण रेणू सापडला, तो मोजण्याची पद्धत सापडली, त्याचं प्रमाण कमी असलेली वाणं तयार झाली, तरी कायदा दाण्याच्या नावापाशीच उभा आहे. नियमातला मजकूर वाचला तर दाणा, डाळ, पीठ, हरभऱ्यात मिसळलेला दाणा, दुसऱ्या डाळीत मिसळलेली डाळ अशी यादी आहे. ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्या अमिनो आम्लाचं त्यात नावही नाही, मर्यादाही नाही.

शिवाय बंदी विक्रीवर आहे, पेरण्यावर नाही. राज्यांनी ती आपापल्या तारखेने लागू करायची होती, काहींनी केलीच नाही. मग काय होणार? भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान उभं असतानाच, बांधीतला चिखल वाळण्याआधी, लाख फेकून पेरतात. त्याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापलं जातं तेव्हा खाली लाखेचं हिरवं अंथरूण असतं. उरलेल्या ओलीवर पीक येतं, वर जमिनीत नत्र सोडून जातं. दुष्काळात टिकतं, पाणी साचलं तरी टिकतं. कोवळ्या पाल्याची भाजी होते, भुसा बैलांना जातो. ज्या जमिनीत रब्बीला दुसरं काही घ्यायची ऐपत नाही, तिथला शेतकरी हे सोडणार नाही आणि त्याने का सोडावं? तर पीक येतं. आलेलं पीक घरात मावत नाही. आणि नाव सांगून विकायचं म्हटलं की बाजार तोंड फिरवतो. असं धान्य कुठे जातं? जिथे नाव विचारत नाहीत तिथे. डाळ असेल तर तुरीत, पीठ असेल तर बेसनात. लाखेची डाळ ही तूरडाळ, हरभराडाळ आणि बेसनातली नेहमीची भेसळ म्हणून सरकारच्या स्वतःच्याच माहितीपत्रकांत आहे. दाणा अख्खा असेल तर ओळखता येतो: एका बाजूने उतरता, पाचरीसारखा, चौकोनी. भरडल्यावर कठीण. दळल्यावर डोळ्यांनी ओळखणं अशक्य.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोराला वेषांतर करायला आपणच सांगितलं.

आता उलट बाजूचं जे म्हणणं आहे, तेही मला पूर्ण पटत नाही. विदर्भातले लाखेचे कैवारी आणि आमच्या घरातली मंडळी एकच वाक्य म्हणतात, ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातोय, काय झालं आम्हाला?’ नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून कैक वर्षं लढा दिला. त्यांच्या चिकाटीबद्दल आदरच आहे. पण ‘आम्हाला काही झालं नाही’ हा पुरावा फसवा असतो. तुम्हाला झालं नाही, कारण तुमच्या ताटात भात होता, ताक होतं, कांदा होता, पालेभाजी होती. सासऱ्यांच्या घरी सहा एकर धान होतं. ज्यांच्या ताटात लाखेशिवाय काही नव्हतं, ते आज हा युक्तिवाद करायला उरलेले नाहीत, किंवा काठी टेकत कुठेतरी बसले आहेत.

लाखेचा इतिहास म्हणजे भुकेचाच इतिहास आहे. १८३० च्या आसपास आताच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागात सलग काही वर्षं गहू बुडाला आणि लाख तेवढी उभी राहिली. लोकांनी तीच खाल्ली आणि गावोगावचे तरुण कमरेखाली लुळे पडले. हे तिथला इंग्रज अधिकारी स्लीमन याने नोंदवलं आहे. पुढे अलाहाबादेकडे तेच. विसाव्या शतकात मध्य प्रदेशातल्याच रीव्याला हा आजार हजारांनी दिसला, आणि त्यामागे दुष्काळाइतकीच एक मजुरीची रीत होती: वेठबिगाराला दिवसाची मजुरी लाखेच्या रूपात मिळायची. गहू मालकाच्या कोठारात, लाख सालदाराच्या पदरात. १९४२ मध्ये युक्रेनमधल्या वाप्नियार्का इथल्या छळछावणीत ज्यू कैद्यांना रोज चारशे ग्रॅम लाख आणि सोबत थोडा जवाचा पाव दिला जाई. काही आठवड्यांतच कैद्यांचे पाय ताठ होऊ लागले. कैद्यांतच आर्थर केस्लर नावाचा डॉक्टर होता, त्याने कारण ओळखलं. स्पेनमध्ये नेपोलियनच्या लढाईत माद्रिदला उपासमार झाली तेव्हाही लोकांनी हाच दाणा खाल्ला. चित्रकार गोयाच्या एका कोरीव चित्रात त्याचा एक बळी भुईवर पडलेला दिसतो. सागर, रीवा, माद्रिद, वाप्नियार्का. हवामान निराळं, माणसं निराळी, एक गोष्ट सारखी. कुणापुढेही दुसरं ताट नव्हतं.

हे का घडतं त्याचं उत्तरही एका अमिनो आम्लातच आहे, फक्त ते दाण्यात असलेलं नसून नसलेलं आहे. लाखेत प्रथिनं भरपूर, शेकडा पंचवीसच्या वरच. लायसिनही भरपूर. पण गंधक असलेली अमिनो आम्लं, मेथिओनिन आणि सिस्टीन, फार कमी. ही दोन आम्लं शरीर नुसती प्रथिनांत घालत नाही. त्यांतूनच पेशी स्वतःच्या संरक्षणाचं रसायन बनवते. म्हणजे लाख एका हाताने पेशीवर घाव घालते आणि दुसऱ्या हाताने तिची ढालही काढून घेते. तांदूळ-गव्हात लायसिन कमी, पण गंधकाची अमिनो आम्लं डाळींपेक्षा बरी. म्हणून वरणाबरोबर भात, म्हणून डाळीबरोबर पोळी. आपल्या आज्यांना मेथिओनिन माहीत नव्हतं. ताटात दोन्ही असावं एवढं माहीत होतं. इथिओपियात या आजारावर जो अभ्यास झाला, त्यातही लाख इतर धान्यात मिसळून खाणाऱ्यांना धोका कमी असल्याचं दिसलं. त्यात सासूबाईंच्या ‘पाणी उपसून टाका’ची भर घाला. ओडॅप पाण्यात विरघळतं. भिजवून पाणी फेकलं, शिजवून पाणी फेकलं, की त्याचा मोठा भाग मोरीत जातो. मला हसू आलेला तो ‘वात’ त्या पाण्यातून जात होता. दुष्काळात मात्र फेकायला पाणी नसतं आणि दोनदा उकळायला सरपण नसतं. तिथे जे कुणी हे खातात ते पाण्यासकट खातात.

एक हिशेब करून बघू, वर्गात फळ्यावर करायचे तसा. लाखेच्या जुन्या वाणांत ओडॅप साधारण पाव-अर्धा टक्का किंवा थोडं अधिक सापडतं, ०.४ टक्के धरू. छावणीतल्या कैद्याच्या पोटात चारशे ग्रॅममधून रोज दीड ग्रॅमहून जास्त ओडॅप जात होतं. आता ठाणे स्टेशनबाहेरचा एक बटाटेवडा घ्या. त्याच्या आवरणाला वीस ग्रॅम बेसन लागलं आणि त्यात पाचवा हिस्सा लाख होती असं समजा. चार ग्रॅम लाख, सोळा मिलिग्रॅम ओडॅप. शंभरपट फरक. एका वड्याने कुणी लंगडा होणार नाही, आणि तसं सांगून घाबरवणारे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप खोटे आहेत. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. वड्याने भागवणारा आणि मेसच्या डाळीवर महिनोन्‌महिने जगणारा यांच्यात फरक आहे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात बारा तास उभा राहणारा, घोडबंदर रोडवरच्या इमारतींच्या सळ्या बांधणारा, दोन्ही वेळा एकाच खानावळीत पातळ पिवळी डाळ आणि भात खाणारा माणूस. त्याच्या वाटीतली डाळ कुठली, हे त्यालाही माहीत नाही, खानावळवाल्यालाही नाही. कदाचित पूर्ण तूर असेल. माहीत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

म्हणून मला विचाराल तर लाखेला तिच्या स्वतःच्या नावाने विकू द्या. मर्यादा दाण्यावर न घालता ओडॅपवर घाला, जशी शेंगदाण्यातल्या अफलाटॉक्सिनवर आहे. शेंगदाण्यावर बुरशी येते आणि ती विषारी असते म्हणून कुणी शेंगदाण्यावर बंदी घातली नाही. मर्यादा ठरवली, तपासणी ठेवली. इथे तर काम निम्मं झालेलंच आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’ हे वाण दिलं, रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’. यांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या खाली राहतं. ही वाणं खायला हरकत नाही, असा कौल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी दिल्याची बातमी २०१६ च्या सुरुवातीला आली होती. आदल्या वर्षी तूर दोनशे रुपये किलोवर गेली होती हे लक्षात घेतलं, की इतक्या वर्षांनी त्या फाइलीवरची धूळ कुणी झटकली ते कळतं. मला ती घाई तेव्हाही आवडली नव्हती. डाळ महाग झाली म्हणून विषाची व्याख्या बदलायची नसते. तूर स्वस्त झाली आणि चर्चाही थंडावली, यावरूनच ती कशासाठी होती ते दिसतं.

शिवाय ‘कमी विषाचं वाण दिलं की झालं’ असं म्हणणारे शेतात गेलेले नसतात. लाखेच्या फुलांवर मधमाश्या येतात. शेजारच्या बांधीत जुनं गावरान वाण असेल तर परागकण इकडचे तिकडे होतात, आणि तीन-चार हंगामांत ‘महातिवरा’ म्हणून ठेवलेलं बियाणं निव्वळ महातिवरा राहत नाही. त्यात हेच वाण कोरड्या वर्षी, किंवा जस्त कमी असलेल्या जमिनीत, ओडॅप जास्त बनवतं. म्हणजे ज्या वर्षी लोक लाखेवर सगळ्यांत जास्त अवलंबून राहणार, त्याच वर्षी दाणा सगळ्यांत कडक. पिशवीवरच्या वाणाच्या नावावर विसंबून चालणार नाही. प्रत्येक खेप मोजायला हवी.

मोजणार कुठे? इथे मला तुर्भे आठवतं. निवृत्त झाल्यावर एका ओळखीच्या दलालाबरोबर दाणा बाजारात गेले होते. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने अर्ध्या तासाचा रस्ता, इतकी वर्षं कधी गेले नव्हते. मशीद बंदरचा हा बाजार खाडी ओलांडून आला, तरी जुनी माणसं त्याला अजून दाणा बंदरच म्हणतात. गाळ्यापुढे ट्रक लागलेले, माथाडी कामगार पाठीवर गोणी घेऊन फळीवरून चढताहेत, खाली सांडलेली डाळ झाडूने गोळा करणाऱ्या बायका. दलालाने गोणीत लोखंडी नळी खुपसून मूठभर डाळ काढली, तळहातावर पसरली, एक दाणा दातांखाली फोडला. ‘ओल जास्त आहे,’ म्हणाला. पाच सेकंदांत ओल, तूट, कीड, जुनी की नवी, सगळं सांगितलं. मी विचारलं, ‘यात लाख असेल तर?’

‘दिसली तर भाव पाडणार.’

‘आणि नाही दिसली तर?’

त्याने चहा मागवला.

त्या हाताचं ज्ञान मला फार मोठं वाटतं, पण त्या तळहाताला अमिनो आम्ल दिसत नाही. ते दिसायला प्रयोगशाळा लागते आणि ती काही चंद्रावर जायची गोष्ट नाही. ओडॅप शोधणाऱ्या त्याच राव यांनी १९७८ मध्ये रंगावरून मोजण्याची पद्धत दिली: नमुना अल्कलीत उकळायचा, ओ-थॅलाल्डिहाइड घालायचं, येणारा पिवळा रंग किती गडद ते यंत्रावर वाचायचं. हे यंत्र ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात आहे. मी स्वतः कित्येक वर्षं त्यावर मुलांकडून लोहाचं प्रमाण काढून घेतलं. बाजार समितीच्या आवारात असं एक केंद्र, खेपेमागे एक नमुना आणि त्याचा खर्च सेसमधून. व्यापारी ओरडतील, पण आता घरपोच माल देणारी कंपनी शेतकऱ्याच्या भेंडीतही कीटकनाशकाचा अंश तपासून मागते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

पण केंद्र उभं करण्याआधी एक फार साधी गोष्ट करता येईल, तिला रसायनशास्त्रही लागत नाही. सुटं बेसन विकणाऱ्याने डब्यावर लिहावं, यात काय आहे. हरभरा असेल तर हरभरा. वाटाणा मिसळला असेल तर ‘हरभरा-वाटाणा पीठ’. बेसन हा शब्द त्यावर नको. पाकिटाला हा नियम आहे. सुट्या मालाचा प्रश्न आला की सगळे गप्प. आणि आपल्या शहरांतलं किती बेसन पाकिटात विकलं जातं? मी स्वतः डाळ आणून गिरणीत दळते, तर आधीच्या गिऱ्हाइकाची बाजरी माझ्या पिठात येते. (गिरणीवाले काका म्हणतात, ‘बाई, पौष्टिक झालं.’)

या सगळ्यावर एक आक्षेप मला स्वतःलाच सतावतो, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. लाख उघड विकायला परवानगी मिळाली तर ती सगळ्यांत स्वस्त डाळ होईल. सगळ्यांत स्वस्त डाळ सगळ्यांत गरीब माणूस घेईल, आणि तो ती भरपूर आणि रोज खाईल, कारण दुसरं परवडत नाही. म्हणजे पुन्हा रीवा. खरं आहे. आज ती नाव लपवून त्याच्या वाटीत येत असेल, उद्या नाव सांगून येईल, एवढाच फरक पडेल का? मला वाटतं फरक पडतो. नाव सांगून आलेल्या डाळीवर ‘भिजवून पाणी टाका, भात-पोळीबरोबर खा, रोज खाऊ नका’ असं छापता येतं. तिची खेप मोजता येते. आजारी माणूस कळव्याच्या इस्पितळात गेला तर डॉक्टरला विचारता येतं की घरात कुठली डाळ असते. बिननावाच्या पिठाबद्दल यातलं काहीच करता येत नाही.

आणि याच कारणासाठी एका बाबतीत मी बंदीवाल्यांपेक्षाही कडक आहे. रेशन दुकानात लाख नको. शाळेच्या खिचडीत नको, अंगणवाडीत नको, आश्रमशाळेत नको, दुष्काळी कामावरच्या मजुरीत तर मुळीच नको. ओडॅप कितीही कमी असलं तरी नको. बाजारात उभा असलेला माणूस तूर घ्यायची, मूग घ्यायचा की लाख, हे ठरवू शकतो, निदान काही दिवस. पण जिथे सरकार किंवा मालक ताट वाढतो आणि समोरच्याला ते खावंच लागतं, तिथे हा दाणा आला की काय होतं ते आपण दोनशे वर्षं बघत आलो आहोत. महाग तुरीच्या वर्षी एखादा हुशार अधिकारी हिशेब मांडेल, प्रथिनं तेवढीच, किंमत निम्मी. त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर वेठबिगाराला मजुरी म्हणून मिळालेल्या शेरभर लाखेचा हिशेबही ठेवायला हवा.

आणखी एक गंमत सांगते आणि थांबते. हेच ओडॅप चीनमध्ये जिनसेंगच्या जातीतल्या एका औषधी मुळात सापडतं. तिथे त्याचं नाव डेन्सिचीन, आणि ते मूळ रक्तस्राव थांबवायला वापरतात. रेणू एकच. एका जागी औषधाच्या बाटलीत, नावासकट आणि मात्रेसकट; दुसऱ्या जागी बेसनात, बिननावाने.

सासूबाई आता नव्वदीला टेकल्या आहेत, प्रवास होत नाही. डाळ मात्र दर उन्हाळ्यात भाचा विदर्भ एक्स्प्रेसने आणून देतो. जुन्या साडीच्या कापडाच्या पिशव्या, दोऱ्याने शिवलेल्या तोंडाच्या. जवसाची पिशवी नुसती असते, तांदळाचीही नुसतीच. तिसऱ्या पिशवीवर त्यांच्या थरथरत्या हाताने लिहिलेली चिठ्ठी टाचलेली असते: ‘लाख. भिजवून पाणी टाक. लेकरांना रोज नको.’

तुर्भ्याच्या एका गोणीवरही अशी चिठ्ठी मी अजून पाहिलेली नाही.